मदत हवी आहे: लूक १४ आणि ‘किंमत कोणी मोजली?’

आमच्या मंडळीच्या तरुण संघात येत्या रविवारी बायबलमधला लूक १४:२५-३३ पुन्हा घ्यायचंय. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणारा माणूस, तोच उतारा. वेळ ४० मिनिटं, मुलं १७ ते २२ वयाची. दोघं हिंदू घरातली आहेत, घरी सांगूनच येतात.

यात येशू म्हणतो, जो आईबापाचा, बायकोमुलांचा ‘द्वेष’ करत नाही त्याला माझा शिष्य होता येत नाही; त्या ‘द्वेष’ शब्दाचं मी निभावून नेलं. मत्तय १०:३७ शेजारी ठेवलं की ‘माझ्यापेक्षा अधिक प्रीती’ असा अर्थ उलगडतो. मागच्या वेळी हिटलरला विरोध करणारा जर्मन पाळक बोनहॉफर सांगून पाहिला, १९४५ची फाशी वगैरे. ऐकलं सगळ्यांनी, पण कुणाला भिडलं नाही. जर्मनी लांब पडते.

म्हणून मराठी कवी ना. वा. टिळक घेतले. १८९५ला बाप्तिस्मा, नातलग तुटले, पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. आता खोली शांत झाली. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी वही मिटत म्हणाली, “दादा, पण किंमत टिळकांनी मोजली की लक्ष्मीबाईंनी?”

मला उत्तर सुचलं नाही. पुढे १९००मध्ये लक्ष्मीबाईंनीही स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला, हे सांगता येईल. पण शेवट गोड झाला म्हणून मधली वर्षं पुसली जात नाहीत. ‘देवाची योजना होती’ हे उत्तर कृपया नको, ते देऊन बघितलं.

शिष्यत्वाची ओढ कमी न करता, घरच्यांनी न विचारता भरलेल्या या किमतीबद्दल तुम्ही तरुणांशी कसं बोलता? आणि त्यासाठी कोणता उतारा घेता?