खेळातल्या 'मंक'ला मराठीत काय म्हणावे?

कृष्णाकाठ (सांगली):
माझे भाचे आणि त्यांचे शाळेतले मित्र यांच्यासाठी मी दर शनिवारी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन गोष्ट रचत खेळायचा खेळ चालवते. मुले मराठी शाळेतली असल्यामुळे पात्रांची पत्रके मी मराठीत उतरवत आहे आणि 'मंक' या वर्गापाशी, म्हणजे पात्राच्या प्रकारापाशी, अडले आहे. १९७५ साली या खेळात आलेले हे पात्र मठात वाढते, व्रते पाळते आणि शस्त्रावाचून, नुसत्या हातापायांनी लढते. मी 'भिक्षू' लिहिले होते. तरुणपणी तालमीत घाम गाळलेल्या आमच्या आबांनी पत्रक वाचून विचारले, "भिक्षूच हाणामारी करणार असेल तर आम्ही काय करायचे?" खेळातल्या 'फरगॉटन रेल्म्स' या जगात अशा मंकांचे बरेच संघ, म्हणजे 'ऑर्डर', आहेत. इल्माटर या दुःख सोसणाऱ्या देवाला मानणारा 'पिवळ्या गुलाबा'चा संघ आहे, शार या अंधाराच्या देवीचा 'काळा चंद्र' आहे आणि बुटक्या हाफलिंग लोकांचा 'हिन फिस्ट' आहे. या संघांना मी 'आखाडा' म्हटले, तेही आबांना पटले नाही. त्यांच्या मते आखाडा ही जागा असते आणि माणसे तालमीची असतात. जाणकारांनी सुचवावे.

वाईचा वाचक:
लढणारा आणि व्रतस्थ हे दोन्ही अर्थ एकत्र हवे असतील तर संस्कृताकडे वळण्यावाचून गत्यंतर नाही. अमरकोशात बाहुयुद्धाला 'नियुद्ध' म्हटले आहे, त्यावरून 'नियुद्धव्रती' असा निर्दोष शब्द घडवता येतो. 'तालीम' अरबी आणि 'वस्ताद' फारसी 'उस्ताद'वरून आलेला, तेव्हा 'मल्लशाला' आणि 'मल्लगुरू' वापरावेत. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच हेतूने, हे आपण विसरू नये.

जुना पठ्ठा (कराड):
वाईकर, आपल्या विद्वत्तेचा मान राखून सांगतो की आमच्या भागात 'मल्लशाला' कोठे आहे असे विचारल्यास कोणी रस्ता दाखवणार नाही. शेजारच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले, त्यांची ओळख कोणी 'नियुद्धव्रती' अशी करून दिली असती तर त्यांनाच हसू आले असते. शिवाय 'तालीम' या शब्दाचा मूळ अर्थच शिक्षण असा आहे. शिकवणाऱ्या जागेला शिक्षण हेच नाव मिळावे, याहून शुद्ध काय असते?
ताई, 'ऑर्डर'चे राहू द्या, पण तिच्यातल्या माणसाला आपल्याकडे नेमका शब्द आहे. 'अमुक वस्तादांचा पठ्ठा' म्हटले की गुरू, तालीम आणि निष्ठा या तिन्हींचा उलगडा होतो. 'शिष्य' म्हटले की मला पोथी आठवते, लाल माती आठवत नाही.

कृष्णाकाठ (सांगली):
'पठ्ठा' मुलांना फार आवडेल. मात्र एक अडचण सांगते. या खेळाच्या १९७८ सालच्या नियमांत वरच्या पायऱ्यांवर एका वेळी मोजकेच मंक असत. त्यांना 'उत्तर वाऱ्याचा स्वामी', 'फुलांचा महास्वामी' अशा पदव्या होत्या आणि त्या पायरीवर बसलेल्याला एकट्याने लढून हरवल्याशिवाय वर चढता येत नसे. अशा पदाला 'वस्ताद' म्हणता येईल काय?

जुना पठ्ठा (कराड):
मुळीच नाही. वस्तादाला चितपट करून कोणी वस्ताद होत नसतो. तो एक डाव राखून ठेवतो असे आपण म्हणतो, ते उगाच नव्हे. तुमच्या फुलांच्या महास्वामीला फार तर 'केसरी' म्हणा, कारण केसरीची गदा लढून घ्यावी लागते.

माणदेशी:
आबांच्या 'आखाडा म्हणजे जागा' या म्हणण्याला माझा आक्षेप आहे. साधूंचे तेरा आखाडे आहेत आणि तेथे आखाडा म्हणजे माणसांचा संघच असतो. नाशिकच्या सिंहस्थात वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर स्नान करतात, म्हणजे पाण्यात आखाडा उतरतो, जागा उतरत नाही. त्यांच्यात शस्त्रधारी आणि शास्त्रधारी असा भेदही पूर्वापार आहे. मंकच्या 'ऑर्डर'ला याहून जवळचा शब्द मला दिसत नाही. आमचे गुरुजी सांगत की 'अखंड'वरून 'आखाडा' झाला, म्हणजे कधी न तुटणारा संघ.

वाईचा वाचक:
गुरुजींविषयी आदर ठेवून सांगतो की ती व्युत्पत्ती कर्णमधुर असली तरी खरी नव्हे. मूळ शब्द 'अक्षवाट' हा आहे. अक्ष म्हणजे फासा आणि वाट म्हणजे कुंपण घातलेली जागा. तेव्हा आखाडा मुळात जागाच होता आणि आबांचे म्हणणे बरोबर आहे.

जुना पठ्ठा (कराड):
म्हणजे आमचा आखाडा मुळात जुगाराचा अड्डा होता, असे आपण आता सिद्ध केलेत. आज संध्याकाळी तालमीत हे सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही.

मिरज बुद्रुक:
मंकला 'गोसावी' का म्हणू नये? दशनामी गोसाव्यांत व्रत होते, मठ होता आणि तलवारही होती. पानिपतावर अनुपगिरी गोसावी आपल्या फौजेनिशी शुजाउद्दौल्याबरोबर, म्हणजे आपल्याच विरुद्ध, उभा होता. लढणारा संन्यासी ही कल्पना मराठी माणसाला परकी नाही, फक्त आपण तो शब्द हळूहळू आडनावात आणि जातीत जिरवून टाकला.
दुसरे असे की 'ऑर्डर' आणि 'ट्रॅडिशन' यांची गल्लत होऊ देऊ नका. २०१४ सालच्या आवृत्तीत मुक्त हाताचा, सावलीचा आणि चार महाभूतांचा असे तीन मार्ग दिले आहेत. बहुतेक मठांत त्यांतला एकच शिकवतात आणि थोड्या मठांत तिन्ही. या मार्गांना 'घराणे' म्हणावे. अब्दुल करीम खाँसाहेब आमच्या मिरजेत राहिले, पण किराणा घराणे काही मिरजेच्या भिंतींत मावले नाही. मठ आणि मार्ग यांतही हाच फरक आहे.

बोधिवृक्ष (सातारा):
'गोसावी' हा आज एका समाजाचा शब्द आहे आणि ती माणसे आपल्या शेजारी राहतात, याचा विचार व्हावा. 'भिक्षू'चेही तसेच आहे. आमच्या विहारात येणाऱ्या भन्तेजींना लहान मुले वाकून वंदन करतात. त्याच मुलांनी शनिवारी 'भिक्षूने तीन ठोसे मारले' असे म्हणावे, हे मला खटकते. शाओलिनचे भिक्षू लढत असत हे मी जाणतो, पण मराठीत तो शब्द तेथून आलेला नाही.

पालखी मार्ग (फलटण):
संघाला 'फड' म्हणा. वारकऱ्यांत वासकरांचा फड आहे, देहूकरांचा फड आहे. त्याला फडकरी असतो, शिस्त असते, परंपरा असते. आणि कुस्त्यांचाही फडच रंगतो. भक्ती आणि झुंज दोन्ही ज्याच्या पोटात आहेत असा हा एकच शब्द आपल्याकडे उरला आहे. 'पिवळ्या गुलाबाचा फड' म्हणून पाहा, कानाला मुळीच खटकत नाही.

मिरज बुद्रुक:
सांगलीत 'पिवळ्या गुलाबाचा फड' म्हटल्यास निम्मे लोक तमाशाला निघतील आणि उरलेले कोयता घेऊन ऊस तोडायला येतील.

कृष्णाकाठ (सांगली):
सर्वांचे आभार. शनिवार जवळ आला आहे, म्हणून एक धाकटा प्रश्न विचारते. मंकच्या आत एक शक्ती असते आणि ती तो मोजून खर्च करतो. जुन्या आवृत्तीत तिला 'की' म्हणत, २०२४ च्या आवृत्तीत ते नाव बदलून एकाग्रतेचा शब्द घातला आहे. मराठीत 'की' लिहिले तर मुले पुढच्या वाक्याची वाट पाहत बसतात.

जुना पठ्ठा (कराड):
दम. 'याच्यात तीन दम शिल्लक आहेत.' यावर चर्चा नको.

वाईचा वाचक:
आश्चर्य म्हणजे मीही हेच सुचवणार होतो. शम आणि दम यांतला दम, म्हणजे इंद्रियनिग्रह. व्रतस्थाला शोभणारा शब्द आहे.

जुना पठ्ठा (कराड):
माझा दम श्वासाचा आहे आणि तो फारसी आहे. आपला वेगळा.

वाईचा वाचक:
लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात, तेव्हा आपण आपला फारसी वाचा, मी माझा संस्कृत वाचतो.

माणदेशी:
मग 'दमदार' हा शब्द कोणाच्या बाजूचा?

जुना पठ्ठा (कराड):
'दार' लागले की फारसी. तो आमचा.

वाईचा वाचक:
आणि 'दमन' आमचा. पण आपण 'दमला' कोठे घालणार? पैलवान दमतो तेव्हा त्याच्यातला दम सरतो, की त्याचे दमन होते?

कृष्णाकाठ (सांगली):
आज पत्रके छापून घेतली. 'दम' आणि 'घराणे' आत गेले, 'पठ्ठा'ही गेला. वर्गाच्या नावाची चौकट मात्र कोरी ठेवली होती. धाकट्या भाच्याने तीत पेन्सिलीने 'मंक' लिहिले, आणि आबांनी ते खोडून 'पैलवान (शाकाहारी)' असे लिहिले आहे.

जुना पठ्ठा (कराड):
ताई, आबांना माझा नमस्कार सांगा आणि खुराकाचे काय, तेवढे विचारा. 'दमला'विषयी माझे उत्तर उद्या देतो.