शब्दचर्चा: गेममधलं धुकं दाटलेलं, साचलेलं की पुसट?

मूळ प्रश्न

गेमची लेव्हल कशी रचायची यावर कॉलेजच्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितोय. 'फॉग'पाशी अडलोय. धुकं हा शब्द आहेच, पण गेम इंजिनात (गेम ज्यावर बनतो त्या सॉफ्टवेअरमध्ये) फॉगचे प्रकार तीन-चार, आणि सगळ्यांना नुसतं धुकं म्हटलं की मुलं गोंधळतात.

पहिला डिस्टन्स फॉग. समजा, सुरुवात ३० मीटरवर आणि शेवट १२० वर ठेवला. तिसापर्यंत सगळं स्वच्छ, मग वस्तूचा रंग हळूहळू धुक्याच्या रंगात मिसळतो, आणि एकशेवीसच्या पुढे काहीच दिसत नाही. म्हणजे तिथलं रेखाटायचीही गरज नाही. १९९९ च्या 'सायलेंट हिल'मध्ये हेच केलं. पहिल्या प्लेस्टेशनला लांबवरचं गाव रेखाटणं झेपत नव्हतं, म्हणून पुढचा रस्ता धुक्यात बुडवला. खरी भीती तिथूनच आली: खिशातल्या रेडिओची खरखर आधी ऐकू येते, काय चालून येतंय ते नंतर दिसतं.

दुसरा हाइट फॉग, जमिनीलगत दाट आणि वर विरळ. तिसरा व्हॉल्युमेट्रिक, ज्यात खिडकीतून आलेला उजेडाचा झोत हवेतच दिसतो. अंतरधुकं, उंचीधुकं, घनफळी धुकं असं लिहून पाहिलं, पण असं कुणी बोलत नाही. काय म्हणावं?

प्रतिसाद

आमच्याकडे यवतमाळला धुई म्हणतात, काही जण धुवारी. 'धुई पडली' म्हटलं की तुरीचा फुलोरा गळायची धास्ती. धुई नेहमी पडते, शेतावर बसून राहते. मग हाइट फॉगला धुईच का नको?

प्रतिसाद

धुई मला फार आवडला, पण कोकणातल्या मुलाला तो समजावून सांगावा लागेल. मला वाटतं, आपल्याकडे धुक्याची जात क्रियापदातून कळते. धुकं पडतं, उतरतं, दाटतं, साचतं, विरतं. पावसाळा सरताना पहाटे राजगडाच्या माचीवर उभं राहा. खालचं खोरं काठोकाठ भरलेलं, माची मात्र कोरडी, उन्हात. हे साचलेलं धुकं, आणि हाच तुमचा हाइट फॉग. डिस्टन्स फॉग म्हणजे दाटत जाणारं धुकं.

तिसऱ्यासाठी 'तिरीप' घ्या. कौलारू घरात चुलीच्या धुरातून उन्हाची तिरीप दिसायची. माझ्या कानाला कवडसा म्हणजे जमिनीवर पडलेला उजेडाचा ठिपका, आणि तिरीप म्हणजे तिथवर आलेली वाट. हवेत धूर, धूळ काही नसेल तर कवडसा पडेल, पण तिरीप दिसणार नाही. म्हणून 'तिरिपेचं धुकं'.

मूळ लेखक

ताई, तिरीप आणि कवडसा यांतला हा फरक म्हणजे अख्खा धडाच आहे. धुकं आधी हवेत भरावं लागतं, मग उजेड दिसतो, हे मुलांना आता एका वाक्यात सांगता येईल. साचलेलं धुकंही घेतलं. धुई मी टिपणांत आवर्जून देणार, विदर्भातल्या मुलांना तो घरचा शब्द आहे.

'दाटत जाणारं'बद्दल मात्र शंका आहे. २००४ च्या 'जीटीए सॅन अँड्रियास'मध्ये लांबचं सगळं फिकं व्हायचं, त्यामुळे नकाशा होता त्याहून कितीतरी मोठा भासायचा. २०२१ च्या नव्या आवृत्तीत हवा स्वच्छ केली, तर गेममधल्या माउंट चिलियाड डोंगरावरून सगळी शहरं हाकेच्या अंतरावर दिसू लागली. ते धुकं दाट नव्हतंच, पुसट होतं. म्हणून वाट अडवणारं ते दाटतं धुकं आणि लांबचं फिकं करणारं ते पुसट धुकं, असे दोन शब्द ठेवतो.

राहिला 'फॉग ऑफ वॉर', म्हणजे युद्धाच्या गेममध्ये नकाशाचा जो भाग आपल्या सैनिकांना दिसत नाही, तो झाकणं.

प्रतिसाद

रणधुमाळी?

मूळ लेखक

रणधुमाळीत गोंगाट आहे, धावपळ आहे. इथे नेमकं उलटं, काही कळत नाही ही अवस्था. शिवाय 'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये (१९९७) ती दोन प्रकारची आहे. जिथे कधी गेलोच नाही तो भाग काळा. जिथून सैनिक परत फिरले तो करडा. तिथली जमीन, इमारती शेवटच्या पाहिल्या तशाच दिसतात, पण शत्रूची हालचाल कळत नाही.

प्रतिसाद

मग त्यात धुकं कुठे आहे? काळा तो 'अनोळखी मुलूख', करडा तो 'नजरेआडचा'.

मूळ लेखक

नजरेआडचा! लिहून घेतला.