चार दिवस, एक गाडी, माळकरी सासूबाई आणि नाशिकच्या वायनरी

मुलुंडची सून

नमस्कार मंडळी. येत्या २३ ते २६ जानेवारी २०२६, म्हणजे शुक्रवार ते सोमवार, आम्ही मुलुंडहून स्वतःच्या गाडीने नाशिकच्या बाजूला जायचे म्हणत आहोत. मी, माझे यजमान, दहा वर्षांची मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई असे चौघे असू. यजमानांनी सात वायनरींची यादी करून फ्रिजवर लावली आहे आणि तिच्याखाली सासूबाईंनी पेन्सिलीने ‘त्र्यंबकेश्वर’ एवढेच लिहून ठेवले आहे. मला स्वतःला या दोन्हींच्या मधली गावे पाहायची आहेत. मनात येईल तिथे गाडी थांबवावी, पारावर बसून चहा घ्यावा आणि घड्याळाकडे पाहू नये, एवढीच माझी सुट्टीची कल्पना आहे. चार दिवसांत हे तिन्ही जमेल का? जाताना समृद्धी महामार्ग धरावा की कसारा घाट? सासूबाई माळकरी आहेत. त्यांना वायनरीत नेणे बरे दिसेल का, हा खरा पेच आहे. शिवाय गाडी एकटे यजमानच चालवतात. माझ्याकडे परवाना आहे, पण ऐरोलीच्या पुलापलीकडे मी कधी गाडी नेलेली नाही.

निफाडची लेक

ताई, माझे माहेर निफाडचे, सासर डोंबिवलीचे, त्यामुळे हा प्रवास मला पाठ आहे. तुमच्या तारखा वाचून आधी एक गोष्ट सांगते. २६ जानेवारीला ड्राय डे असतो, तेव्हा सोमवारी कोणत्याही वायनरीत वाइन चाखायला मिळणार नाही. शनिवारी आणि रविवारी, जोडून सुट्टी आल्यामुळे, गंगापूर धरणाच्या बाजूला, जिथे सुला आणि यॉर्क या वायनरी आहेत, तिथे मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागलेली असेल. उरतो तो शुक्रवार. म्हणून सातांच्या यादीतून एक वायनरी निवडा, फार तर दोन, आणि शुक्रवार त्यांच्यासाठी राखून ठेवा.

मला विचाराल तर त्या दिवशी नाशिक शहरापर्यंत जाऊच नका. इगतपुरी तालुक्यातच सांजेगाव आणि कावनईच्या शिवारात ग्रोवर झाम्पा आणि व्हॅलोने या वायनरी आहेत. मुकणे धरणाचे पाणी, भाताची कापलेली खाचरे आणि मध्येच द्राक्षवेलींच्या ओळी, असा तो मुलूख आहे. आधी फोन करून फेरफटक्याची वेळ ठरवून घ्या आणि त्याच परिसरात मुक्काम करा. याचे कारण सरळ आहे. चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. चाखायला देतात ते घोट लहान असले तरी ते चार-पाच प्रकारांचे असतात आणि गप्पांच्या नादात हिशेब राहत नाही. यजमानांना मनापासून चाखायचे असेल, तर त्यानंतर सकाळपर्यंत गाडीची किल्ली तुमच्या पर्समध्ये असावी.

हंगाम मात्र तुम्ही नेमका साधला आहे. युरोपात वाइनची द्राक्षे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात काढतात. आपल्याकडे ती जानेवारी ते मार्चमध्ये निघतात. तिकडे वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते, आपल्या उष्ण हवेत ती झोपतच नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटावे लागते. एप्रिलच्या खरड छाटणीत पुढची काडी तयार होते आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर त्या काडीवर घड धरतात. मुलीला एखादा मणी तोडून चाखू द्या, अर्थात परवानगी विचारून. शिराझ किंवा काबर्ने सोव्हिन्यों या वाइनच्या द्राक्षांचा मणी बाजारातल्या बिनबियांच्या थॉमसनच्या मानाने अगदीच लहान, जाड सालीचा आणि बियांचा असतो. माझ्या भाचीने तो तोंड वाकडे करून थुंकला होता. लाल वाइनचा रंग त्या सालीतून येतो, कारण रस सालींसकट आंबवतात. पांढऱ्या वाइनसाठी मात्र द्राक्षे आधी दाबून रस वेगळा काढतात.

शनिवारी घोटीहून सिन्नरच्या रस्त्याने निघा. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर हे काळ्या दगडातले शिवपंचायतन आहे, मध्ये महादेव आणि चार कोपऱ्यांत चार लहान देवळे. उन्हे कलल्यावर तिथले कोरीवकाम उठून दिसते. तिथून निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला जा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेले हे पाणथळ २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. चापडगावच्या बाजूने रविवारी सकाळी पक्षी पाहा, दुपारी त्र्यंबकला मुक्कामी या, सोमवारी दर्शन घ्या आणि मोखाडा, जव्हार, मनोर करत घरी परता.

स्वेटर, कानटोप्या आणि सासूबाईंची शाल विसरू नका. निफाडची थंडी मुंबईकरांना खोटी वाटते. पारा फार उतरला की द्राक्षांना इजा होऊ नये म्हणून आमचे लोक पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवतात.

घाटवाट

मी फक्त रस्त्यापुरते लिहितो. समृद्धीचा इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे घाट चढावाच लागत नाही. ज्यांना पोहोचायचे आहे त्यांच्यासाठी हा रस्ता उत्तम आहे. तुम्हाला मात्र थांबायचे आहे आणि समृद्धीवर मनात आले म्हणून थांबता येत नाही. पार नाही, टपरी नाही, दोन्ही बाजूंना नुसते कुंपण. म्हणून जाताना जुन्या रस्त्याने जा. घाटाच्या माथ्यावर घाटनदेवीचे मंदिर आहे. तिथे सासूबाईंचे पाय मोकळे होतील आणि प्रवासाची सुरुवातही त्यांच्या मनासारखी होईल. मुलीला रेल्वेची आवड असेल, तर कसारा-इगतपुरी चढाला १:३७ असा उतार असल्याने बहुतेक गाड्यांना बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिने लावावी लागतात, हे तिला दाखवून सांगा. घरून साडेपाचला निघालात तरच हे सारे सुखाचे होईल. माजिवडा ते वडपे हा पट्टा सकाळी आठनंतर कसा असतो, हे मुलुंडकरांना मी काय सांगावे?

गोरेगावकर काका

निफाडच्या ताईंचा बेत चांगला आहे, पण त्यात एक चूक आहे. त्र्यंबकेश्वर त्यांनी सोमवारी ठेवले आहे, तेही सुट्टीच्या. महादेवाचा वार आणि सरकारी सुट्टी एकत्र आल्यावर तिथे रांग किती लांबते, हे मी स्वतः उभे राहून पाहिले आहे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंना त्या रांगेत उभे करू नका. शनिवारी पहाटे अंधारातच सांजेगावहून निघून त्र्यंबक गाठा आणि ऊन चढायच्या आत दर्शन उरकून घ्या. सासूबाईंचे पेन्सिलीने लिहिलेले काम दुसऱ्याच दिवशी झाले, की पुढचे दोन दिवस त्या कुठेही आनंदाने येतील. शनिवारी नाशिकला राहा, रविवारी सिन्नर करून नांदूरला जा आणि सोमवारी सकाळी पक्षी पाहून परता. जव्हार स्वतंत्र दोन दिवसांचे ठिकाण आहे. ते वाटेत उडत उडत पाहू नये.

आता वायनरीबद्दल. माझी थोरली बहीण वारकरी आहे, तिला मी असाच भीत भीत घेऊन गेलो होतो. आंबवण्याच्या दालनात स्टीलच्या उंच टाक्या असतात आणि त्या थंड ठेवलेल्या असतात. तिने टाकीला तळहात लावला, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, “अरे, हा तर आंबोळीच्या पिठाचा वास आहे.” पुढचा अर्धा तास ती तिथल्या मुलाला किण्व कोणते, किती दिवस ठेवता, फसफसून वर आले तर काय करता, असे प्रश्न विचारत होती. पेल्याला तिने हात लावला नाही आणि कोणी आग्रहही केला नाही. आम्ही चाखत असताना ती व्हरांड्यात शेंगदाणे खात मळ्याकडे पाहत बसली. माळकरी माणसाला फसवून न्यायचे नाही, हे पथ्य मात्र पाळा. कुठे जातो आहोत ते घरीच सांगा आणि यायचे की खोलीवर आराम करायचा, हे त्यांना ठरवू द्या.

दुसऱ्या एका खेपेला आम्ही रविवारी, आधी न कळवता, एका मोठ्या वायनरीत गेलो होतो. जेवणाच्या टेबलासाठी दीड तास थांबलो आणि संगीत एवढे मोठे होते, की समोरच्या माणसाचे बोलणे कळेना. तेव्हापासून मी लहान ठिकाणीच जातो.

मुलुंडची सून

सर्वांचे मनापासून आभार. काकांचा क्रम घरी वाचून दाखवला. सासूबाईंनी “शनिवारी पहाटे” एवढेच दोनदा म्हणून दाखवले आणि आंबोळीचा वास कसा येतो ते पाहायला आपण येणार, असेही जाहीर केले. यजमानांची यादी सातावरून दोनवर आली आहे. दोन शंका उरल्या आहेत. सोमवारी नांदूरहून परतताना कोणता रस्ता घ्यावा? आणि शुक्रवारी घेतलेल्या बाटल्या सोमवारपर्यंत गाडीत राहिल्या तर चालतील का?

निफाडची लेक

काकांचे बरोबर आहे, सोमवारचे माझ्या ध्यानातच आले नाही. परतताना सिन्नरजवळ गोंदे येथे समृद्धीवर चढा आणि थेट आमण्याला उतरा. तोवर सगळे दमलेले असतील, तेव्हा कुंपणांचे कोणाला काही वाटणार नाही. त्या सकाळी घाईने निघू नका. प्रजासत्ताक दिनाला आमच्याकडे शाळेची प्रभातफेरी निघते, इस्त्रीचे पांढरे सदरे घातलेली पोरे ढोल-ताशाच्या मागे गावभर फिरतात आणि झेंडावंदनानंतर खाऊ वाटतात. पाहुण्यांच्या मुलीला त्यातला वाटा नक्की मिळेल.

बाटल्या डिकीत ठेवू नका. जानेवारीतही दुपारच्या उन्हात बंद गाडी तापते आणि वाइन उष्णतेने बिघडते. प्रत्येक मुक्कामी त्या खोलीत न्या आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. एक सावधगिरी आणखी सांगते. नाशिकला पोहोचल्यावर कोणी ना कोणी सापुतारा जवळच आहे असे सुचवतेच. ते गुजरातमध्ये आहे आणि तिथे दारूबंदी आहे, तेव्हा गाडीत बाटल्या असताना त्या रस्त्याला लागू नका.