नागपुरात घोडे आणि सामूहिक शेती यांतून वस्तीतील मुलांना मार्ग दाखवता येईल का?

प्रश्न (उत्तर नागपूर)

आमच्या वस्तीत १४ ते १८ वयाची, शाळा अर्ध्यावर सुटलेली बरीच मुले-मुली आहेत. वरातीचे घोडे बाळगणारे एक काका चातुर्मासात, म्हणजे लग्ने बंद असताना, आपल्या दोन घोड्या या मुलांसाठी द्यायला तयार आहेत आणि शेजारच्या मोकळ्या जागेत भाजीपाला लावायला जागामालकाची संमती आहे. अमेरिकेतील कॉम्प्टन येथे १९८८ मध्ये सुरू झालेल्या कॉम्प्टन ज्युनियर पॉसी या संस्थेने घोड्यांच्या आधाराने शहरी मुलांना टोळ्यांपासून दूर ठेवण्याचे काम केले, हे वाचल्यापासून ही कल्पना मनात घर करून आहे. सुरुवात घोडेस्वारीने करावी का?

उत्तर १ (पशुवैद्यक)

ताई, स्वारी सर्वांत शेवटी ठेवावी. आधी खरारा करणे, खूर साफ करणे, पाणी पाजणे आणि तबेला झाडणे ही कामे मुलांच्या हाती द्यावीत. घोडा जात्याच बुजरा असल्यामुळे आरडाओरडा करणाऱ्यापासून तो मागे सरकतो आणि तेच मूल शांत उभे राहिले की जवळ येतो. रागावर ताबा ठेवण्याचा इतका तत्काळ धडा कोणत्याही व्याख्यानातून मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

मात्र चातुर्मास म्हणजे आपल्याकडचा पावसाळा. काळ्या मातीच्या चिखलात सतत उभे राहिल्याने खूर मऊ पडून कुजतात, म्हणून उभे राहण्याची जागा मुरूम टाकून उंच करून घ्यावी. बुरशी आलेला चारा अजिबात घालू नये. घोड्याला उलटी करता येत नाही आणि साधा पोटशूळही त्याच्या जिवावर बेतू शकतो. ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो, त्यामुळे मुले येण्यापूर्वी दोन्ही घोड्यांची रक्ततपासणी करावी. मुलांना धनुर्वाताची लस द्यावी, आणि पुढे स्वारी सुरू झाली तर हेल्मेटशिवाय कोणालाही बसू देऊ नये.

उत्तर २ (शेतकरी, कळमेश्वर परिसर)

ताजी लीद झाडांच्या मुळाशी घालू नका. घोड्याच्या लिदीत तणाचे बी बरेचसे जिवंत राहते. ढीग चांगला तापू द्यावा, अधूनमधून उलथावा आणि पूर्ण कुजल्यावरच वापरावा. पावसाळ्यात चवळी व भेंडी लावा. कोवळी ज्वारी मात्र घोड्यांना कापून घालू नये, तिच्यात विष असते.

उत्तर ३ (युवक कार्यकर्ता)

मला काळजी वाटते ती तुळशीच्या लग्नानंतरची. मुलांना घोड्यांचा लळा लागलेला असेल आणि नेमक्या त्याच वेळी घोड्या वरातींना जातील. ज्या मुलांना आधीच अनेकांनी मध्येच सोडले आहे, त्यांना हे फार लागते. म्हणून शेती हे घोड्यांच्या जोडीचे किरकोळ काम न मानता वर्षभराचा आधार मानावा. दिवाळीच्या सुमारास मेथी, पालक आणि सांभार (कोथिंबीर) पेरला, तर घोड्या कामावर असतानाही मुलांचे रोजचे येणे चालू राहील आणि पावसाळ्यात त्यांनीच कुजवलेले खतही तेव्हा उपयोगी पडेल. त्या काळात एखाद-दुसऱ्या मोठ्या मुलाने काकांकडे नालबंदी शिकायला हरकत नाही. काकांचे मानधन आणि घोड्यांच्या चंदीचा खर्च आधी ठरवून घ्यावा, आणि रोज हजर राहणारी एक प्रौढ व्यक्ती निश्चित झाल्यावरच मुलांना बोलवावे.