लायब्ररी संसदेची, मग ग्रंथपालांना घरी पाठवणारे राष्ट्राध्यक्ष कोण?

मेरीलँडकर:
८ मे २०२५, गुरुवारची संध्याकाळ. अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाच्या, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या, प्रमुख ग्रंथपाल कार्ला हेडन यांना व्हाइट हाउसच्या नेमणुका बघणाऱ्या कचेरीतून ईमेल आली. मायना नुसताच 'कार्ला'. तुमचं पद तत्काळ संपुष्टात येत आहे, सेवेबद्दल धन्यवाद. बस्स. कारणाचा एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसच्या प्रवक्त्यांनी मुलांसाठी अयोग्य पुस्तकं वगैरे सांगितलं. या लायब्ररीत वाचक म्हणून नाव नोंदवायला वयाची १६ वर्षं पूर्ण लागतात आणि पुस्तक घरी न्यायला मिळत नाही, पण ते असो.

माझा मुद्दा हेडनबाईंचा नाही, खुर्चीचा आहे. २०१५ च्या कायद्याने या पदाची मुदत १० वर्षं केली. हेडन २०१६ मध्ये आल्या, म्हणजे वर्ष-सव्वा वर्ष उरलं होतं. लायब्ररीच्या पोटात संसदेचा संशोधन विभाग आहे. खासदार तिथे गुपचूप प्रश्न विचारतात: अमुक विधेयक घटनेत बसेल का, तमुक खात्याने पैसे कुठे वळवले. ज्या सरकारवर अंकुश ठेवायचा, त्याच सरकारचा प्रमुख या संस्थेच्या प्रमुखाला एका ईमेलवर घालवणार असेल, तर उद्या असे प्रश्न कोण विचारेल? संसदेच्या संस्थांचे प्रमुख संसदेनेच नेमावेत आणि संसदेनेच काढावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्धवटराव:
साफ असहमत. कायदा उघडून बघा. ग्रंथपालांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात आणि सिनेट मान्यता देतं. काढायचं कुणी, यावर कायदा मूग गिळून बसलाय. अशा वेळी जो नेमतो तोच काढतो, हा जुना नियम. १९२६ च्या मायर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांच्या बाजूने तेच म्हटलं. १० वर्षांची मुदत म्हणजे १० वर्षांची हमी नव्हे.

आणि फेब्रुवारी २०२३ आठवतोय का? कॅपिटॉलच्या, म्हणजे संसद भवनाच्या, इमारती सांभाळणारे आर्किटेक्ट ऑफ द कॅपिटॉल, ब्रेट ब्लँटन. सरकारी गाडी घरच्या कामाला वापरल्याचा ठपका होता, ६ जानेवारी २०२१ च्या दंगलीच्या दिवशी साहेब कॅपिटॉलवर फिरकलेही नव्हते. संसदेच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि चारच दिवसांत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी त्यांना काढलं. तेही संसदेच्याच शाखेतले, त्यांच्याही कायद्यात काढण्याबद्दल काही नव्हतं. तेव्हा सत्ताविभागणीचा गळा काढलेला मला तरी कुणी दिसला नाही.

मेरीलँडकर:
ब्लँटन यांना काढा असं दोन्ही पक्षांचे नेते जाहीरपणे म्हणत होते. हेडन यांना काढा असं संसदेतल्या कुठल्या नेत्याने आधी म्हटलं होतं? आणि गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. ब्लँटन प्रकरणानंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संरक्षण खर्चाच्या विधेयकात घुसवून संसदेने कायदाच बदलला. आता आर्किटेक्टची नेमणूक दोन्ही सभागृहांचे नेते आणि संबंधित समित्यांचे प्रमुख मिळून बहुमताने करतात, काढतातही तेच. राष्ट्राध्यक्षांचा संबंधच संपला. २०२४ मध्ये थॉमस ऑस्टिन याच पद्धतीने आले. लायब्ररीला तोच नियम लावायला अडचण काय?

सुमेधा_प:
अडचण आहे, आणि मोठी आहे. आर्किटेक्ट छपरं, पाइप आणि बागा बघतात. लायब्ररीच्या पोटात कॉपीराइट कार्यालयही आहे. ते नियम काढतं, नोंदणी देतं, नाकारतं. हे कायद्याच्या अंमलबजावणीचं काम झालं. १९७६ च्या बकली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की असे अधिकार असलेल्या लोकांना संसद स्वतः नेमू शकत नाही. दहा वर्षांनी बाउशर खटल्यात पुढचं पाऊल: ज्याला काढण्याची दोरी संसदेच्या हातात आहे, त्याला अंमलबजावणीची कामं देता येत नाहीत. तेव्हा मेरीलँडकर, तुमच्या म्हणण्याप्रमाणे संसदेनेच ग्रंथपाल नेमले, तर दुसऱ्या दिवशी कॉपीराइटचे सगळे नियम कोर्टात उभे राहतील.

अर्धवटरावांसाठी आयता दारूगोळाही देते. २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने कॉपीराइट रॉयल्टी ठरवणाऱ्या मंडळाच्या खटल्यात म्हटलं होतं की या कामापुरती लायब्ररी कार्यकारी शाखेचाच भाग आहे, आणि ग्रंथपालांना राष्ट्राध्यक्ष हवं तेव्हा काढू शकतात.

अर्धवटराव:
सुमेधाताई, धन्यवाद, हे टाकायला मी लॅपटॉप उघडणारच होतो. म्हणजे विषय संपला.

सुमेधा_प:
संपला कुठे? हेडननंतर दोन दिवसांनी, १० मेला, कॉपीराइट कार्यालयाच्या प्रमुख शिरा पर्लमटर यांनाही ईमेल आली. त्यांच्या कार्यालयाने आदल्याच दिवशी अहवालाचा मसुदा प्रसिद्ध केला होता, एआय कंपन्यांनी इतरांचं साहित्य वापरण्यावर. पण त्यांची नेमणूक कायद्याने राष्ट्राध्यक्ष करत नाहीत, ग्रंथपाल करतात! मग 'जो नेमतो तोच काढतो' हा तुमचाच नियम इथे लावा की.

त्यासाठीच तर न्याय खात्यातल्या टॉड ब्लांश यांना हंगामी ग्रंथपाल म्हणून बसवायचा घाट घातला गेला. सोमवारी न्याय खात्यातले दोघं पत्र घेऊन लायब्ररीच्या इमारतीत हजर. एक म्हणे हंगामी उपग्रंथपाल, दुसरा कॉपीराइटचा हंगामी प्रमुख. कर्मचाऱ्यांनी कार्यालयात पाऊल ठेवू दिलं नाही, पोलिसांना बोलावणं गेलं, तेव्हा दोघं आले तसे परत गेले. रिकाम्या जागा हंगामी भरण्याचा जो कायदा आहे तो कार्यकारी खात्यांना लागू होतो, त्यात लायब्ररीचं नाव नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अपील कोर्टाने २ विरुद्ध १ मतांनी पर्लमटर यांना खटला चालू असेपर्यंत कामावर राहू दिलं. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींचं म्हणणं अर्धवटरावांसारखंच होतं: काम कार्यकारी, म्हणून काढण्याचा हक्क राष्ट्राध्यक्षांचा.

निवृत्त_लेखापरीक्षक:
मंडळी, आयुष्य ऑडिटमध्ये गेलं, म्हणून लायब्ररीपेक्षा मला जीएओची काळजी जास्त. हा अमेरिकेचा कॅग म्हणा. प्रमुख कॉम्प्ट्रोलर जनरल, मुदत १५ वर्षं, पुन्हा नेमणूक नाही. संसदेतले नेते किमान तीन नावं सुचवतात, राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मान्यता देतं. काढायचं तर महाभियोग, नाहीतर ठरावीक कारणांवरून दोन्ही सभागृहांचा संयुक्त ठराव. १९२० मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी याच कलमापायी हे पद निर्माण करणारं सगळं विधेयक परत पाठवलं होतं, कारण तेव्हाच्या मसुद्यात काढताना राष्ट्राध्यक्षांना विचारायची गरजच नव्हती. दुरुस्ती झाली आणि १९२१ मध्ये पुढचे राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी सही केली. तेव्हा हे भांडण शंभर वर्षं जुनं आहे.

आता आपल्याकडे बघा. डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत कॅगला घटनेतला बहुधा सर्वात महत्त्वाचा अधिकारी म्हटलं होतं. काढायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला लावतात तीच पद्धत. वाघाचं काळीज हवं त्याला. पण नेमणूक? सरकार नाव ठरवतं, राष्ट्रपती सही करतात. निवड समिती नाही, विरोधी पक्षनेता नाही. म्हणजे आपण मागचं दार लोखंडी केलं आणि पुढचं सताड उघडं ठेवलं. अमेरिकेत किमान यादी तरी संसदेकडून येते, भले ती बंधनकारक नसो.

अर्धवटराव:
काका, आदर ठेवून सांगतो, १५ वर्षं कुणालाच उत्तर न देणारा माणूस मला लोकशाहीत बसत नाही. राष्ट्राध्यक्षांना दर चार वर्षांनी मतदारांचा सामना करावा लागतो. कॉम्प्ट्रोलरला कोण निवडून देतं?

निवृत्त_लेखापरीक्षक:
अहो, हिशेब तपासणाऱ्याला निवडून कशाला द्यायचं? ज्याचे हिशेब तपासायचे त्याच्याच मर्जीवर त्याची नोकरी असली की काय होतं, ते मी फार जवळून पाहिलंय. तपशील इथे नको. मे २०२५ मध्ये मस्क यांच्या डॉज या सरकारी खर्चकपात पथकाच्या मंडळींनी जीएओत आपली माणसं घुसवायला बघितली, तेव्हा जीएओने 'आम्ही संसदेच्या शाखेतले' म्हणून सरळ नकार दिला. त्याच महिन्यात त्यांनी निकालही दिला की इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंग केंद्रांसाठी संसदेने मंजूर केलेला निधी अडवून ठेवणं बेकायदा आहे. एका ईमेलवर जाऊ शकणारा प्रमुख असता, तर हे धाडस झालं असतं का?

मात्र खरी मेख पुढे आहे. कॉम्प्ट्रोलर जनरल जीन डोडारो यांची १५ वर्षं डिसेंबर २०२५ मध्ये भरली. काढायची भानगडच नको, मुदत संपायची वाट बघा आणि आपला माणूस बसवा.

तळ्यात_मळ्यात:
एक बारका मुद्दा. अर्थसंकल्पाचे अंदाज देणाऱ्या सीबीओच्या संचालकांना दोन्ही सभागृहांचे प्रमुख मिळून नेमतात आणि कुठलंही एक सभागृह साध्या ठरावाने काढू शकतं. राष्ट्राध्यक्ष चित्रातच नाहीत. तरी कोर्टात कुणी गेलं नाही, कारण सीबीओ फक्त आकडे देतं, हुकूम देत नाही. मग कॉपीराइट कार्यालय लायब्ररीतून उचला आणि वाणिज्य खात्यात ठेवा, तिथे पेटंट आहेतच. उरलेली लायब्ररी आर्किटेक्टच्या नियमाने चालवा.

सुमेधा_प:
कागदावर छान दिसतंय. पण १८७० मध्ये कॉपीराइटचं काम लायब्ररीकडे आलं आणि नोंदणीबरोबर येणाऱ्या प्रतींवरच तर तो संग्रह फुगला. कार्यालय गेलं की प्रतीही गेल्या.

तळ्यात_मळ्यात:
का जातील? प्रती लायब्ररीला द्यायच्या, असं कलम ठेवा. नोंदणी एकीकडे, प्रत दुसरीकडे.

अर्धवटराव:
याला माझी हरकत नाही. कॉपीराइटवर राष्ट्राध्यक्षांचा हक्क मान्य करा, ग्रंथपाल तुम्ही घ्या.

मेरीलँडकर:
ग्रंथपाल घेतो. पण कॉपीराइट तुमच्याकडे गेल्यावर एआयवरचा पुढचा अहवाल कोण लिहिणार, आणि लिहिल्यावर किती दिवस खुर्चीत टिकणार, तेवढं आधी सांगा.