मदत हवी आहे: नदीच्या पाण्यातला ऑक्सिजन नेमका कधी मोजायचा?

नमस्कार मंडळी. आम्ही पाचसहा जण दर दुसऱ्या रविवारी पुण्यात राम नदीचं पाणी तपासतो. खाटपेवाडीकडून निघून भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर करत ती औंधला मुळेला मिळते. लोक नाला म्हणतात, आम्ही नदीच म्हणतो.

अडचण अशी. बावधनला एकाच जागी विरघळलेला ऑक्सिजन सकाळी साडेसहाला लिटरमागे २ मिलिग्रॅम आला, दुपारी तीनला ९! बाटलीत रसायनं टाकल्यावर सकाळचा साका जेमतेम पिवळसर, दुपारचा चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी. किट तेच, हात तोच. शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री सगळेच तो वापरतात, एवढं कळतं. पण नोंदवहीत कोणता आकडा धरायचा? अंघोळीच्या पाण्याला किमान ५ लागतो. दुपारचा आकडा बघून कुणी नदी ठणठणीत आहे म्हटलं तर? मला पहाटेचाच महत्त्वाचा वाटतो, मासे तेव्हाच गुदमरतात.

शिवाय आता दगड उलटून किडेही बघतो. वरच्या अंगाला तीन शेपट्यांची, पोटाच्या कडेचे कल्ले हलवणारी पिल्लं मिळाली. खाली पुलापाशी गाळात नुसत्या लालभडक अळ्या. फोटो आहेत. कुणी ओळखून देईल का? शाळेची मुलंही येतात, म्हणून नावं मराठीत सांगितलीत तर फार बरं.

एखाद्या रविवारी सोबत आलात तर उत्तमच. हातमोजे आमच्याकडे आहेत.