एलिस म्हणजे नुसतं 'पॉझिटिव्ह विचार करा' नव्हे

बरेच जण म्हणतात की अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती (त्रास देणाऱ्या हट्टी समजुती तपासून बदलायची पद्धत) म्हणजे 'चांगला विचार करा, सगळं ठीक होईल'. मला हे अजिबात पटत नाही. वाईट होऊ शकतं, पण ते सोसता येतं, असं एलिसचं सांगणं.

माणूस मुळात मनोविश्लेषणात, म्हणजे मनात दडलेलं उकलून पाहणाऱ्या फ्रॉइडच्या पद्धतीत, तयार झालेला. १९४७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची क्लिनिकल सायकॉलॉजीतली डॉक्टरेट, मग काही वर्षं फ्रॉइडचीच वाट. बालपण उकरत बसून माणसं फारशी बदलत नाहीत असं वाटल्यावर १९५५ च्या सुमारास त्याने स्वतःची पद्धत मांडली. बीज मात्र आधीचं. एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायची प्रचंड भीती, म्हणून न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जाऊन तो शंभरेक अनोळखी बायकांशी बोलला. एकीनेच भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. पण भीती गेली!

माझा अनुभव सांगते. प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री माझ्या पोटात गोळा यायचा. थेरपिस्ट ताईंनी एलिसच्याच पद्धतीने वहीत तीन रकाने आखायला लावले: घटना, समजूत, परिणाम. मधल्यात मी लिहिलं, 'मी अडखळता कामाच नये.' त्यांनी 'कामाच नये'खाली रेघ मारली आणि विचारलं, "हा नियम कुणी केला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. गृहपाठ मिळाला: पुढच्या मीटिंगमध्ये मुद्दाम एक प्रश्न विचारायचा. विचारला, अडखळतच.

आणि मराठीत वाचायचं असेल तर ही पद्धत मराठीत मांडणाऱ्या कि. मो. फडके यांच्या पुस्तकांपासून सुरुवात करा. एलिसशी त्यांचा अनेक वर्षं पत्रव्यवहार होता.